एक साक्षीदार कमी

"अहो, कोणी आहे का खाली? एक साक्षीदार कमी पडतोय!"

विवाह नोंदणी कार्यालयाच्या जिन्यातून तिथल्या कारकूनबाईनं पहिल्यांदा अशी हाक मारली, तेव्हा गळ्यात टेप अडकवलेला एक शिंपी धावत वर आला. खालचं दुकान त्याचंच. त्यानं सही केली आणि खडूनं माखलेली बोटं थेट रजिस्टरवर टेकवली.

"मास्तर! सरकारी रजिस्टर आहे हे, कापडाचा तागा नाही."

"चुकलं, मॅडम…" तो हसला, आणि झालं! बाईसाहेबांचं त्या दिवशीचं टायपिंग पार बिघडलं.

पुढे दोन वर्षं हेच. घरच्यांना न जुमानता आलेल्या जोडप्यांकडे तीन साक्षीदार कुठून असणार? दोघांवर गाडी अडायची आणि हिचं काळीज लागायचं धडधडायला. तो यायचा, सही करायचा, जाताना दारात उगीच थांबायचा… आणि काहीच न बोलता निघून जायचा. बोलणार तरी कसा? तिच्या घरचा देव वेगळा, त्याच्या घरचा वेगळा. रोज असल्याच जोडप्यांची लग्नं लावणारी ही बया स्वतःच्या वेळी मात्र मूग गिळून बसलेली.

आज कार्यालयाचा इथला शेवटचा दिवस. उद्यापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि नेमकी आजच्या जोडप्याबरोबर चांगली तेरा माणसं आलेली! चार वाजले, पाच वाजले. खालून येणारी मशीनची घरघर ऐकत ती खोकी बांधत राहिली. आता हा दिसणार नाही, या विचारानं तिला रडूच फुटायला आलं. मग तिनं टेबलाचा खण उघडला, एक कागद काढला आणि तरातरा जिना उतरली.

"साक्षीदार हवाय?" तो मशीन थांबवून उठला.

"साक्षीदार ढीगभर आहेत." तिनं कागद पुढे केला. "नवरा कमी पडतोय."

"मॅडम, तुमच्या घरचे… माझ्या घरचे…"

"मग आमचं ऑफिस काय गोट्या खेळायला काढलंय?"

त्यानं कागद हातात घेतला. लग्नाच्या नोटिशीचा फॉर्म. तिची बाजू भरलेली, खाली सही. तारीख मात्र आठ महिन्यांपूर्वीची.

"आठ महिने…" तो हळूच म्हणाला. "आणि मला नुसतं रागावत होतात?"

"तुम्ही तरी कुठे तोंड उघडलंत?" तिचे डोळे भरून आले. "हा बाद झालाय. नवा भरावा लागेल. वर तीस दिवसांची नोटीस. तोवर विचार करा हवं तर."

"तीस?" त्यानं कापडं बाजूला सारून तिच्यासाठी स्टूल ओढलं. "तुमची ओळख आहे ना तिथे, मॅडम… थोडे दिवस कमी होतात का, बघा ना!"