तिरकी वेणी

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, तुमची आई समोर खुर्चीत बसलेली आहे आणि तरीही ती हरवली आहे. मग तिला शोधायचं कुठे?

दहा वर्षांची एक मुलगी हाच प्रश्न घेऊन दवाखान्याच्या खिडकीशी आली. वस्तीतला हा छोटा दवाखाना मनाच्या आजारांचा. खिडकीमागच्या सिस्टरांनी हातातला शिक्का खाली ठेवला.

"कधी हरवली?"

"दोन वर्षं झाली. घरीच आहे."

सिस्टर हसल्या नाहीत. "कशावरून म्हणतेस?"

"वेणी घालताना तिचे हात थरथरतात. वेणी तिरकी होते. मी गल्लीच्या वळणावर सोडून पुन्हा घालते. तिला सांगू नका हं."

आईला गोळ्याच इतक्या की जेवायला पोटात जागा उरत नाही, असंही ती म्हणाली. मावशीच्या मते आजार वाढला होता. रविवारी मावशी आईला मनोरुग्णांच्या संस्थेत ठेवायला नेणार होती.

सिस्टरांनी आईची फाइल काढली. पहिला कागद: कानात आवाज येतात, एक गोळी. महिन्याभरात आवाज थांबले, पुढे कुठेच त्यांची नोंद नाही. दुसरे डॉक्टर: हात थरथरतात, आणखी एक गोळी. तिसरे: विसरते, आणखी एक. चौथे: दिवसभर झोपते, आणखी एक. इथे दर सहा महिन्यांनी डॉक्टर बदलत.

हस्ताक्षरं चार होती. मात्र दुसऱ्यापासून प्रत्येक कागदाच्या तळाशी तोच निळा शिक्का होता: 'पूर्वीची औषधे चालू'. चौकटीचा एक कोपरा तुटलेला.

सिस्टरांनी टेबलावरचा शिक्का उलटा करून पाहिला. त्याचाही तोच कोपरा तुटलेला होता.

शनिवारी नव्या डॉक्टरीणबाईंनी आईला तपासलं, मावशीला फोन करून थांबवलं. सिस्टरांनी मुलीला बाकावर जवळ बसवलं.

"आजार वाढलाच नव्हता, बाळ. पहिल्या गोळीने हात थरथरले. त्यालाच आजार समजून दुसरी दिली. दुसरीने विसरायला झालं, म्हणून तिसरी. तिसरीने झोप, म्हणून चौथी. वाढवली प्रत्येकाने, काढली कोणीच नाही."

"का नाही काढली?"

"शिक्का होता ना. रांग मोठी असायची, म्हणून मीच तो करून घेतला. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच मी मारून ठेवायचे. तुझी आई माझ्या हातून हरवली."

मुलीने विचारलं, "परत येईल?"

"डॉक्टर एकेक गोळी हळूहळू कमी करतील. एकदम थांबवायची नाही. बरीचशी येईल ती. हात मात्र... कदाचित असेच राहतील."

सोमवारी सकाळी मुलगी आईकडे पाठ करून बसली आणि कंगवा मागे दिला. वेणी तिरकीच झाली. गल्लीच्या वळणावर ती थांबली, हात रिबिनीकडे गेला.

तिने तो खाली घेतला, आणि तिरकी वेणी तशीच घेऊन शाळेत गेली.