साडेनऊ मार्कांचं हॉटेल

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. हातातल्या या चहाची शपथ, यात मी पदरचा एक शब्द घातलेला नाही. खुद्द शशिकांतने मला सांगितली. म्हणजे, सांगितली असं नाही. आमचं बोलणं पार्किंगच्या जागेवरून भांडण्यापलीकडे कधी गेलंच नाही. पण मी त्याच्या अगदी खालच्या मजल्यावर राहतो, आणि दोह्याच्या अल मुंतझा भागातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये वरचा नुसता खाकरला तरी खालच्याला कळतं. तेव्हा त्यानेच सांगितली असं धरून चला.

तर हा शशिकांत. आठवडाभर दुखानला, तेलाच्या फील्डवर; गुरुवारी संध्याकाळी गाडी हाणत दोह्याला, घरी. विषारी वायूपासून माणसं वाचवायची, हे त्याचं काम. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी त्याचा धडा ठरलेला. "कुजक्या अंड्यांसारखा वास आला तर घाबरा. आणि येणारा वास एकदम थांबला, तर घाबरायलाही थांबू नका. वास गेलेला नसतो, तुमचं नाक गेलेलं असतं." हा वायू जड, खाली साचणारा, म्हणून पळायचं ते वर. धडा त्याच्या अंगात इतका मुरला होता की घरात बायकोला, सरोजला, अंडं उकडायची बंदी होती.

जानेवारीतला शुक्रवार, दुपारची वेळ. बाहेर वाळूचं वादळ सुटलेलं. समोरची मशीद आधी फिकट झाली, मग नाहीशीच झाली. खिडक्यांच्या फटींत सरोजने ओले टॉवेल खोचले होते, आणि तरी दातांखाली रेती कचकचत होती. घरात मुरलेल्या चहासारखा तांबूस उजेड. अशा त्या कोंडलेल्या खोलीत नवरा-बायको लॅपटॉपसमोर बसून हॉटेल निवडत होते आणि एकमेकांचं डोकं खात होते.

मार्चमध्ये शशिकांत रिटायर होणार. मग व्हिसा खलास, बाडबिस्तरा पुण्याला. तिथे गेलं की सासूबाईंचं आजारपण, फ्लॅटची गळती, नातेवाइकांची लग्नं. पुन्हा निघणं होणार नाही हे सरोजला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याआधी तिला जपान हवं होतं. डोंगराच्या उतारावरचं हॉटेल, त्यात जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याचं कुंड, कुंडात गळ्यापर्यंत बसायचं आणि समोर समुद्र. बास.

"हे बघा, किती सुंदर आहे!"

"डोंगरावर म्हणजे पायऱ्या आल्या. तुझा गुडघा?"

"माझ्या गुडघ्याची आठवण तुम्हाला बरोबर अशाच वेळी येते. बरं, हे बघा. लिफ्ट आहे."

"इथे सगळ्यांनी मिळून आंघोळ करायची असते. कपडे काढून. चालेल?"

"अगं बाई! नको, नको. मग हे... खोलीतच कुंड."

"समुद्र कुठाय? ही तर मागची भिंत दिसतेय. आणि जेवणाचं बघ, वरणातसुद्धा मासा घालतात."

"अहो, तुम्ही हॉटेल निवडताय की चुका काढताय?"

"गरम पाण्यात बसायचं आहे ना तुला? मग जूनमध्येच सांगायचंस. आपल्या गार पाण्याचा नळ सोडला की घरबसल्या जपान!"

दोह्यात हा विनोद सगळे करतात. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं तापतं की गार नळाखाली हात धरवत नाही. पण सरोज हसली नाही. लॅपटॉपवरून हात काढून तिने मांडीवर ठेवले.

"तुमचं देवव्रत भावजींसारखं होणार आहे," ती म्हणाली.



देवव्रत हा शशिकांतचा दुखानचा जिवलग. त्यालाही बायकोला, इराला, असल्याच हॉटेलात न्यायचं होतं. वर्षानुवर्षं निवडत राहिला. त्याची एक खोड होती, जगातल्या प्रत्येक गोष्टीला तो दहापैकी मार्क द्यायचा. कँटीनची डाळ सहा, साहेबाचं भाषण दोन. दहा कशालाच नाही; कितीही आवडलं तरी अर्धा मार्क कापायचा आणि का कापला ते सांगायचा. दोन वर्षांपूर्वी झोपेतच त्याचं हृदय थांबलं, तेव्हा उशाशी लॅपटॉप उघडा होता आणि त्यात हॉटेलंच हॉटेलं. इरा नाशिकला परत गेली. एकटी.

"बरं, दाखव अजून," शशिकांत खालच्या आवाजात म्हणाला.

आणि तेवढ्यात ते सापडलं. हिरव्या उतारावर पसरलेलं, खाली निळा समुद्र. लिफ्ट आहे. आधी कळवलं तर शाकाहारी जेवण. खोलीच्या बाल्कनीत लाकडी कुंड, काठोकाठ भरलेलं, वर वाफ. सरोजने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो दोष शोधत होता आणि त्याला सापडत नव्हता. तिला हसू फुटलं.

"थांब, रिव्ह्यू वाचू," तो चिडून म्हणाला. "सगळं चांगलं असूच शकत नाही."

रिव्ह्यू जपानीत, इंग्रजीत, कोरियनमध्ये. तो खाली खाली सरकत गेला आणि त्याचा हात थांबला. एक रिव्ह्यू मराठीत होता. गेल्याच आठवड्यातला.

"डोंगर चढावा लागत नाही. कुंडातून समुद्र अगदी समोर. पहिल्या दिवशी पाण्याच्या वासाचा त्रास होतो, नंतर वास येत नाही. साडेनऊ. अर्धा मार्क कापला, कारण सोबत कोणी नाही."

खाली नाव नव्हतं. फक्त 'दोहा'.

"आपल्या मराठी मंडळातलं असेल कोणीतरी," सरोज म्हणाली. पण ती पुन्हा त्या साडेनऊकडे बघत होती.

"असेल..."

बाहेर वाळू काचेवर सरसरत होती. शशिकांतला पहिल्यांदा वाटलं की शेजारी कोणी अंडी उकडतंय. मग वास वाढला. गोडसर, कुजका, घशाला चिकटणारा. त्याने नाक वर केलं. तीस वर्षांचं शिकलेलं नाक, चुकणार नाही. वास बाथरूमकडून येत होता.

तो उठून गेला. बाथरूमचा आरसा धुरकटलेला. गार पाण्याचा नळ बारीक धारेने चालू होता आणि धारेतून वाफ निघत होती. जानेवारीत! त्याने बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं.

"सरोज, नळ तू चालू ठेवलास?"

"नाही हो... अहो, जरा इकडे या."

ती स्क्रीनकडे बोट दाखवत होती. बाल्कनीतल्या त्याच लाकडी कुंडाचा फोटो. मघाशी त्याच्या काठावर काही नव्हतं, दोघांनीही पाहिलं होतं. आता कुंडाच्या काठावर कोणीतरी चष्मा काढून ठेवला होता. चष्म्याला नारिंगी दोरी. फील्डवर चष्मा पडू नये म्हणून देवव्रत बांधायचा तसली, एका टोकाला गाठ मारलेली.

"बंद कर ते," शशिकांत म्हणाला. "खलास. नाही जायचं आपल्याला."

सरोजने मान वळवली. तिच्या डोळ्यांत भीती होती, पण भीतीच्या खाली तीस वर्षांचा वैताग होता. "दरवर्षी हेच. पुढच्या वर्षी, इन्शाल्ला. आपल्या बेबीचं कॉलेज झालं की, इन्शाल्ला. आता भूतसुद्धा म्हणतंय हॉटेल चांगलं आहे, तरी तुमचं नाहीच! मी बुक करतेय."

"सरोज!"

तिने नावं टाकली. तारीख टाकली. शशिकांतला तिचा हात धरायचा होता, पण हात जड झाले होते, गरम पाण्यात फार वेळ बसल्यावर होतात तसे.

"आणि उगाच वास वास करू नका," ती म्हणाली. "गेला की तो. मला तर आता काहीच येत नाहीये..."

त्याने श्वास घेतला. त्यालाही काहीच येत नव्हतं.

तेवढ्यात दारामागे त्याच्या कामाच्या शर्टाला लावलेला गॅसचा छोटा मीटर किंचाळू लागला. त्या आवाजाने शशिकांतचं अंग आपोआप उठलं. त्याने सरोजला दंडाला धरून ओढलं, दार उघडलं आणि जिना चढत, धापा टाकत, तिच्या गुडघ्याची पर्वा न करता, तिला थेट गच्चीवर नेलं. तिथे वाळूच्या माऱ्यात दोघं टाकीला टेकून खोकत बसली. वाऱ्याला नुसत्या मातीचा वास होता. शशिकांतला तो इतका आवडला की तो रडायला लागला.

थोड्या वेळाने सरोजने मुठीतला फोन उघडून पाहिला.

"बुक झालंय," ती म्हणाली. "समुद्राकडची खोली."

ही झाली गोष्ट. आता चहा संपला, म्हणजे शपथही संपली. तेव्हा यातलं खोटं काय तेवढं सांगून टाकतो.

मीटर खोटा आहे. तो मी घातला. असले मीटर कंपनी घरी आणू देत नाही, फील्डच्या गेटवरच जमा करून घेतात. दारामागे नुसता शर्ट होता. काही वाजलं नाही. पण त्या दोघांना तसंच लॅपटॉपसमोर बसलेलं ठेवून मला गोष्ट संपवता येईना, म्हणून मी तो वाजवला आणि त्यांना गच्चीवर नेलं. त्या दुपारी वरून खुर्ची सरकल्याचाही आवाज मला आला नव्हता.

बाकी सगळं खरं. वरच्या फ्लॅटला तेव्हापासून कुलूप आहे. लोक म्हणतात, जपानला गेले. गेलेच असतील. शशिकांतची गाडी अजून माझ्याच जागेवर लावलेली आहे, आणि तिच्यावरची वाळू कोणी झटकलेली नाही.

काल मी त्या हॉटेलचं पान उघडून पाहिलं. मराठीत आणखी एक रिव्ह्यू आलाय, छोटासाच. "गुडघा अजिबात दुखत नाही." आणि त्याच्या वरचा, तो दोह्याचा, कोणीतरी बदललाय. अर्ध्या मार्काचं वाक्य काढून टाकलंय.

आता तिथे दहा आहेत.