एकसष्टावा माणूस

आर्डिस कोइकर खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलल्या, "माझी एक जागा चोरलीय. उद्या पाचच्या आत तक्रार द्यायची, नाहीतर गेली."

लिओरा व्हॅन्डरसी यांनी खुर्ची पुढे सरकवली. लिओराबाईंनी वीस वर्षं गारपिटीचे विमा-दावे तपासले होते. कोणता खड्डा गारेने पाडला आणि कोणता हातोडीने, हे त्या पत्र्याकडे बघून सांगत. आता त्या खाजगी तपास करत. गाडी चालवायला त्यांचा दीर मर्ल होता. मर्ल मनाने चांगला होता आणि तेवढ्यावरच थांबला होता.

"कोट काढा ना, हीटर चालू आहे," मर्ल म्हणाला.

"नको. सुनेचा आहे." आर्डिसबाईंनी हिरवा कोट आवळून धरला. "आमच्या हॅमरस्टाड गावच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद केला, त्याच हिवाळ्यात ती अँब्युलन्समध्ये गेली. चाळीस मैल लांब नेत होते. बाळही गेलं."

मर्लने हीटर उगाचच कमी केला.

"तो विभाग उघडू म्हणणारी उमेदवार एकच. पक्षाच्या सभेत मतपेटी नसते, आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्यांसमोर उभं राहायचं; तिच्यासाठी मी शाळेच्या सभागृहात उभी राहिले. एक प्रतिनिधी मिळाला असता, तर जिल्ह्याच्या अधिवेशनात ठराव मीच मांडणार होते. नऊ माणसं जमवली मी, लिओराबाई! मला धरून नऊ."

"आणि लागत होती?"

"हजेरीच्या शेकडा पंधरा. साठ आले असते तर नऊ पुरले असते. अध्यक्ष म्हणाला, एकसष्ट. म्हणजे नऊ आणि वर थोडं. ते थोडं म्हणजे एक आख्खा माणूस. नंतर कोपऱ्यांतली डोकी मोजली तर साठच! एक जण मोजून घेऊन पळाला. आमचा गट बाद. पाव तास दिला होता, कुणालातरी ओढून आणायला. मी हात जोडले सगळ्यांना. कोणी हललं नाही. मग माझेच पाच जण जमीनदार फ्रेडरिक्सनच्या, दुसऱ्या उमेदवाराच्या कोपऱ्यात गेले."

"त्यानेच पाठवला असणार तो माणूस," मर्ल म्हणाला.

"तेच म्हणते मी! अर्जावर त्याचं नावसुद्धा लिहून ठेवलंय." आर्डिसबाई उठल्या. "वर हा कोट ओला. निघताना घेतला तर चिंब, गाडीपर्यंत फळीसारखा कडक. बर्फ पडलं असेल बाहेर."

त्या गेल्यावर मर्ल म्हणाला, "वहिनी, त्या संध्याकाळी बर्फ कुठलं? मी तळ्यावर मासे धरत होतो. आभाळ स्वच्छ."

"हे तुम्ही त्यांच्यासमोर का नाही बोललात, भाऊजी?"

"रडतील म्हणून."

हजेरीच्या सह्यांची यादी सीलबंद होऊन राजधानीला गेली होती आणि महिनाभर उघडणार नव्हती. त्यामुळे माणसंच वाचायची होती.

अध्यक्ष गॉर्डन ह्यूसमन हे निवृत्त मास्तर. गावचा नेहमीचा अध्यक्ष तापाने पडला, म्हणून ह्यूसमन बाहेरगावाहून आले होते. नाव लिहून घेणाऱ्या दोघीही त्यांच्याबरोबरच्याच.

"मोजणी चोख आहे माझी," ते म्हणाले. "सभागृहात अठ्ठावन्न. स्वयंपाकघरात कॉफी करणाऱ्या दोघी. आणि दाराबाहेरच्या बोळात, कोट टांगतात तिथे, एक."

"बोळात?"

"मी मोजायला गेलो आणि माझाच धक्का लागून कोटांचा स्टँड आडवा झाला. सगळे कोट बुटांवरून वितळलेल्या जुन्या बर्फाच्या पाण्यात! आत कुणाला पत्ता नाही, भाषणं चालली होती. त्या माणसाने उचलायला मदत केली. टोपी नाकापर्यंत. बाकीचे कोट त्याने गठ्ठ्याने टांगले, पण एक हिरवा मात्र आधी उचलला, बाहीने पुसला आणि वेगळा लावला. म्हटलं, नीटनेटका माणूस."

"तो नंतर निघून गेला, तेव्हा आकडा कमी का नाही केला?"

"बाई, हजेरी एकदा मोजली की मोजली. गेलेला माणूस वजा होत नाही. नियम आहे."

ड्वेन फ्रेडरिक्सन यांच्या मालकीची दोन हजार एकर जमीन होती आणि तेवढंच रुंद हसू. अर्धं गाव त्यांची जमीन खंडाने कसत होतं.

"मी माणूस पाठवला? मला काय गरज? मी दाराशीच उभा होतो. आमचा कोपरा दाराजवळ, आर्डिसचा पार पलीकडे. तिकडे जाणारा प्रत्येक जण माझ्यासमोरून जाणार."

"कोणी परत फिरलं का?"

"एक टोपी डोकावली. मी हात केला, टोपी गेली." ते हसले. "हात करणं गुन्हा आहे का?"

"कोण होतं?"

"मी टोप्यांची चहाडी करत नाही, बाई. पण कोण कुठे उभं राहतं, ते बघतो. डोळे दिलेत देवाने."

आर्डिसबाईंचे यजमान व्हर्लिन गोठ्यात होते.

"मी गेलोच नाही तिकडे. गाय अडली होती," ते लिओराबाईंकडे न बघता म्हणाले. "तक्रार करून काय होणार? तिला समजवा. तिला त्या कोटाचंच जास्त लागलंय. स्टँड पडला, कोट भिजला, वाळला. संपलं."

गाडीत मर्ल म्हणाला, "बिचारा. वहिनी, फ्रेडरिक्सनच, नाही का?"

दुसऱ्या दिवशी चार वाजता लिओराबाई कोइकरांच्या स्वयंपाकघरात बसल्या. टेबलावर तक्रारीचा अर्ज होता.

"आर्डिसबाई, कोट कशाने भिजला?"

"बर्फाने. सांगितलं ना."

"त्या दिवशी बर्फ पडलं नव्हतं. कोटांचा स्टँड पडला होता. आतल्या कुणाला ते माहीत नव्हतं, तुम्हालाही नाही. माहीत होतं ह्यूसमन मास्तरांना आणि बोळातल्या माणसाला. मास्तर या गावात कुणाला ओळखत नाहीत. मग काल गोठ्यात, ज्यांनी त्या दिवशी घर सोडलं नाही, त्यांनी मला 'स्टँड पडला' असं कसं सांगितलं?"

व्हर्लिननी कप खाली ठेवला.

"साठ कोटांत त्या माणसाने एकच आधी उचलून पुसला," लिओराबाई हळू म्हणाल्या. "परक्याला तो कशाला कळेल?"

आर्डिसबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. "तू आला होतास?"

"तुझ्यासाठीच आलो होतो."

"मग?"

"ड्वेन दारात होता. त्याने हात केला." व्हर्लिननी कप दूर सारला. "आपण त्याची जमीन कसतो, आर्डिस. पेटीत चिठ्ठी टाकायची असती तर शंभर वेळा टाकली असती. सगळ्यांसमोर चालत जाऊन उभं राहायचं... नाही जमलं मला."

"म्हणजे यांच्यामुळे काही बिघडलं नाही ना, वहिनी?" मर्लने घाईने विचारलं. "एक मत नुसतं कमी पडलं."

लिओराबाईंना ते सांगायचं नव्हतं. पण आर्डिसबाईंचा हिशेब झालाच होता.

"घरी बसला असतास तर साठात नऊ, आम्ही जिंकलो असतो," त्या म्हणाल्या. "येऊन उभा राहिला असतास तर एकसष्टात दहा, तरी जिंकलो असतो. येऊन परत गेलास, व्हर्लिन. फक्त तेवढ्यानेच हरणार होतो आम्ही, आणि तू तेवढंच केलंस."

"पुढच्या वेळी उभा राहीन."

"चार वर्षांनी?"

गाईंना चारा घालायची वेळ झाली होती. व्हर्लिन उठून गेले. आर्डिसबाईंनी अर्जावरचं फ्रेडरिक्सनचं नाव खोडलं, आणि पेन तसंच हातात धरून बसून राहिल्या.

बाहेर गाडी सुरू करताना मर्लने घड्याळ पाहिलं. "पाचला अजून दहा मिनिटं आहेत. फोनवरही घेतात म्हणे. बाई तक्रार करणार नाहीत का, वहिनी?"

"कोणाविरुद्ध, भाऊजी?"