टाकीतली नळी

दुपारचे तीन वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं आणि सुदेश एका गाडीची पेट्रोलची टाकी उघडायला चालला होता. काम एवढंच. त्यात भिण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. आधी नीट ऐकून तर घ्या.

सुदेश मूळचा बोटींचा मेस्त्री. शिरोड्याच्या किनाऱ्यावरच्या निम्म्या होड्यांची इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली. त्याने 'जा' म्हटलं की माणसं डोळे मिटून खोल समुद्रात जायची, एवढा त्याच्या शब्दाला भाव. मोटारींच्या वाटेला तो सहसा जात नसे. अनिशची गाडी तेवढी अपवाद. लाल रंगाची, दोघांपुरती, उघड्या छपराची जुनी स्पोर्ट्स कार, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी. अनिशने ती पुण्याहून आणली तेव्हा अख्खी वाडी रस्त्यावर आली होती, आणि त्याच्या बापाने, गंगारामकाकांनी, "ह्या गाडयेत माशांची एक पाटी तरी मावात काय रे?" असं विचारून सगळ्यांना हसवलं होतं.

श्रावणात तीच गाडी आंबोलीच्या घाटात चढणीवर बंद पडली. दाट धुकं, अवघड वळण. अनिश खाली उतरून गाडीच्या मागे गेला, आणि मागून येणाऱ्या ट्रकला तो दिसला नाही. गाडीला जेमतेम एक चरा उमटला. अनिश जागच्या जागी गेला.

"पेट्रोल संपला," असा गावाने निकाल दिला. कारण आदल्या दिवशी अनिशची बायको भक्ती गाडी घेऊन वेंगुर्ल्याला गेली होती. येताना टाकी भरून आणली, असं ती जीव तोडून सांगत होती, पण पेट्रोलचा काटा शून्यावर होता ना! तो काटा गेली दोन वर्षं शून्यावरच अडकलेला होता. हे भक्तीही सांगत होती, पण तिचं ऐकतो कोण? तिच्याखेरीज हे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक अनिश, तो गेला. दुसरा सुदेश, आणि तो गप्प बसला.

का गप्प बसला, तेही सांगतो. त्या गाडीचा पंप टाकीच्या आत असतो, पेट्रोलमध्ये बुडालेला. पंपाला एक वीतभर नळी असते, तीही बुडालेली. अपघाताच्या दहा दिवस आधी ती नळी चिरली होती. अनिश म्हणाला, नवीन मागवलीय, आठ दिवसांत येईल. सुदेशने हात झटकला. "अरे, आठ दिवस कशाक रवतंस? माझ्याकडे बोटीचो पाइप आसा." आणि बसवला. बोटीच्या पाइपातून डिझेल आतून वाहतं, बाहेरून तो कोरडा असतो. हा पाइप आतून-बाहेरून पेट्रोलमध्ये भिजत पडणार होता, आणि बाहेरचं रबर त्यासाठी केलेलंच नसतं. ते फुगतं, मऊ होतं, फाटतं. मग पंप कितीही ओढो, पेट्रोल फटीतून परत टाकीतच पडतं. सपाट रस्त्यावर निभतं. घाटाच्या चढणीला इंजिन उपाशी मरतं.

हे त्याला कळलं अनिशच्या बाराव्याला, पंगतीत बसल्या बसल्या. हातातला घास हातातच राहिला. तेव्हापासून तीन महिने तो त्या घराकडे फिरकला नव्हता. गंगारामकाकांनी सुनेशी बोलणं टाकलं होतं. तिच्या हातचं पाणीसुद्धा ते घेत नव्हते. सगळं सुदेशच्या कानावर येत होतं आणि तो मान खाली घालून इंजिनांच्या नटांवर पाने फिरवत बसत होता. भित्रा होता म्हणा, नालायक म्हणा. पण बंदरावर हे कळलं तर उद्या कोण त्याच्या भरवशावर होडी लोटणार होतं?

आणि काल भक्तीचाच फोन आला.

"सुदेशदादा, गाडयेची टाकी उघडून बघशात? आबांका तुमच्या तोंडातसून ऐकूचा आसा."

आबा म्हणजे तिचे सासरे, गंगारामकाका. सुदेश 'नाही' कसा म्हणणार? उलट मनातून सुटल्यासारखं झालं. दुसऱ्या कुणी टाकी उघडण्याआधी आपणच ती नळी काढून आणू, असा त्याने हिशेब केला.

घराच्या पडवीत गंगारामकाका जाळं विणत बसले होते. नुसती मान हलवली. भक्तीने माडाच्या बागेच्या टोकाला असलेला मांगर दाखवला. पूर्वी त्यात जाळी आणि वल्ही ठेवायचे, आता गाडी होती.

"मी येव काय वांगडा?"

"नको वयनी. पेट्रोलचा काम. तुम्ही लांबच रवा."

ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग गेली.

मांगराला खिडकी नव्हती. दार उघडं ठेवूनही आत संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. सुदेशने मोबाइल बाहेर पायरीवर ठेवला आणि कपाळाला बॅटरीचा दिवा बांधला. गाडीची बॅटरी काढून फळीवर ठेवलेली होती, तिच्या टोकांवर हिरवी बुरशी चढली होती. बरं झालं, ठिणगीची भीती नाही. सीटमागचा गालिचा उचलून तो पत्र्याच्या झाकणाचे स्क्रू सोडवू लागला. बाहेर माडांची सळसळ चालली होती, लांबून समुद्राची गाज येत होती.

तिसरा स्क्रू सुटला, तेवढ्यात झाकणाखाली आवाज झाला.

"ऊंऽऽ..."

दोन सेकंद. मग बंद.

सुदेशचा हात तिथेच थांबला. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी पंप असाच दोन सेकंद घुमतो, नळीत दाब भरतो आणि थांबतो. चावी घरात खिळ्याला टांगलेली. बॅटरी फळीवर.

"भुंगो आसतलो," तो मोठ्याने म्हणाला. मोठ्याने कशाला म्हणाला, कोण जाणे.

झाकण निघालं आणि पेट्रोलचा वास भसकन वर आला. ताजा वास. तीन महिने पडून राहिलेल्या पेट्रोलला आंबूस, रंगाच्या डब्यासारखी घाण येते, हे सुदेशला झोपेतही कळलं असतं. हे पेट्रोल आज सकाळी भरल्यासारखं होतं. त्याने दिव्याचा झोत आत टाकला. टाकी काठोकाठ भरलेली. तोंडाखाली अंगठाभर जागा, बस्स.

म्हणजे वयनी खरं बोलत होती. हे त्याला ठाऊक होतंच की! पण ठाऊक असणं निराळं आणि डोळ्यांनी बघणं निराळं.

त्याने पंप ओढून वर काढला. त्याला ती नळी लटकत होती. फुगून बोटाएवढी झालेली, मधोमध उभी फाटलेली, आणि टोकाला निळ्या ऑइलपेंटचा ठिपका. आपण बसवलेल्या प्रत्येक नळीला सुदेश तो ठिपका द्यायचा. त्याने नळी उपसून खिशात कोंबली. मांडीला गार पेट्रोल लागलं. पंप त्याने शेजारी गोणपाटावर ठेवला.

आता पुढे? टाकी भरलेली आहे असं सांगितलं तर काका विचारणार, मग गाडी बंद का पडली? आणि सुदेशच्या डोक्यात तो विचार आला. टाकी उपसून टाकायची. 'रिकामी होती काका,' म्हणायचं. सुटलो. भक्तीचं काय, हा प्रश्नही मनात आला. तो त्याने मागे ढकलला. देवा शपथ, किती सहज ढकलला.

डिझेल उपसायचा हातपंप आणि दोन मोठे कॅन तो घेऊनच आला होता. हातपंपाची नळी आत सोडून तो त्याचा रबरी फुगा दाबू लागला. पहिला कॅन भरला. दुसरा अर्धा झाला, पाऊण झाला, भरला. चाळीस लिटर झाले. त्या टाकीत त्याहून जास्त मावतच नव्हतं. त्याने वाकून दिवा आत मारला.

अंगठाभर जागा. पेट्रोल होतं तिथेच.

त्याने कॅन उचलून पाहिले, जड होते. पुन्हा टाकीत पाहिलं. पेट्रोल संथ होतं, त्यात त्याच्याच कपाळावरचा दिवा दिसत होता. आणि दिव्याच्या मागे... नाही. तो चटकन मागे सरकला.

"ऊंऽऽ..."

या वेळी आवाज टाकीतून नव्हता. शेजारून होता. गोणपाटावर ठेवलेला पंप, ना तार ना वीज, थरथरत घुमत होता. दोन सेकंद. थांबला.

दाराकडे धावावं असं त्याला वाटलं, पण पाय उठेनात. भीतीने माणसाचं डोकं चालत नाही, सवय चालते. दुरुस्त केलेलं इंजिन पाण्यात उतरवण्याआधी सुदेश होडीवर गाऱ्हाणं घालायचा. तो देवाला एकेक वाक्य सांगणार आणि प्रत्येक वाक्याला सगळे खलाशी "व्हय म्हाराजा" म्हणणार. तेच त्याच्या तोंडात आलं. हात आपोआप जोडले गेले.

"बा देवा वेतोबा म्हाराजा..." आवाज फाटला होता. "आज मी... सुदेश... ह्या गाडयेक हात लावलंय..."

"व्हय म्हाराजा."

हळूच. पण स्पष्ट. टाकीच्या तोंडातून, घागरीत बोलल्यासारखं.

सुदेशच्या अंगावर सरसरून काटा आला. पण गाऱ्हाणं अर्धं सोडायचं नसतं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. तो डोळे घट्ट मिटून पुढे बोलला.

"ही गाडी... घाटात बंद पडली... पेट्रोल संपला म्हणान..."

काही नाही.

माडांची सळसळ थांबली होती. समुद्रही ऐकू येत नव्हता. पेट्रोलचा वास इतका दाटला की श्वास घेताना छातीत चरचरायला लागलं. तो थांबला. समोरचंही थांबलं होतं. कुणीतरी वाट बघत होतं.

"पेट्रोल... होता," सुदेश पुटपुटला.

"व्हय म्हाराजा."

"वयनीन भरून हाडल्यान होता..."

"व्हय म्हाराजा." आता आवाज टाकीतून येत नव्हता. गाडीच्या मागून येत होता.

"पाइप... माझो होतो. बोटीचो. तो फाटलो..." तो रडत होता, आणि आपण रडतोय हे त्याला कळतही नव्हतं. "माका म्हायती होता रे... माका म्हायती होता..."

"व्हय म्हाराजा." अगदी कानाशी. मानेवर गार वारा लागला, त्याला पावसाळ्यातल्या घाटातल्या धुक्याचा वास होता.

पुढे काय झालं ते सुदेशला धड आठवत नाही. उघडी टाकी, पंप, कॅन सगळं तसंच टाकून तो बागेतून धावला, चप्पल कुठे गेली त्याचाही पत्ता नाही, आणि थेट पडवीत येऊन गंगारामकाकांच्या पायाशी बसला. खिशातली नळी काढून त्यांच्यासमोर ठेवली. सगळं सांगितलं. बोटीचा पाइप, निळा ठिपका, अडकलेला काटा, तीन महिने. मघाशी टाकी उपसून खोटं बोलणार होतो, हेही. काही झाकलं नाही. मांगरातला आवाज तेवढा सांगवेना.

काकांच्या हातातली विणायची सुई थांबली. मग त्यांनी तोंड वर केलं, पण सुदेशकडे नाही.

"भक्ती," ते म्हणाले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. "गो चेडवा... माका जरा पाणी हाड."

भक्ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला हुंदका आवरेना. पाणी दिलं, काकांनी ते तिच्या हातून घेतलं आणि प्यायले. मग ती सुदेशकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याहून जास्त गोंधळ होता.

"सुदेशदादा, ही नळी तुमका खंय गावली?"

"टाकयेत. पंपाक होती ती."

"टाकयेत पंप नाय."

सुदेशने वळून मांगराकडे पाहिलं.

"दोन म्हयन्यांपूर्वी मी गोव्यातसून मेस्त्री बोलवललंय. आबा देवळात गेल्ले तेव्हा. तेना टाकी सगळी उपसून कोरडी केल्यान, पंप काढल्यान, नळी दाखवल्यान. मी निळो ठिपको तेव्हाच वळाखलंय." ती एकेक शब्द तोलून बोलत होती. "मी सांगलंय आसता तर आबांनी माझा खरा धरूक नसता. म्हणान तुमका बोलवलंय. कोरडी टाकी बघशात, पंप नाय ता बघशात, समजशात की माका कळला हा. मगे तुमचा तुम्हीच सांगशात, असा वाटला."

"पंप थयच आसा, वयनी," सुदेश कसाबसा म्हणाला. "मी माझ्या हातान काढून गोणपाटार ठेवलंय. आत्ता."

भक्ती आत गेली. कपाटाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक जाड प्लॅस्टिकची पिशवी होती, तोंडाला सुतळीच्या तीन गाठी मारलेली. गाठींवर धूळ बसलेली होती. तिने दाताने सुतळी तोडली.

आत पंप होता. त्याच्याबरोबर तिने बांधून ठेवलेली नळी नव्हती. पंपावरून ताजं पेट्रोल ठिबकून पिशवीच्या तळाशी साचलं होतं.

गंगारामकाकांनी हात पुढे केला आणि पंप तिच्याकडून घेतला. दोन्ही तळव्यांत धरून ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. भक्तीने "ठेवा आता, आबा" म्हटलं, तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही.

"गरम आसा गो," ते म्हणाले. "अजून गरम आसा."