आबांच्या गिरणीतलं चार्जिंग

मच्छिंद्रमामा जपानहून कायमचा परत आला तो गाडी घेऊनच. पांढरी, बुटकी, अजिबात आवाज न करणारी. शेळ्या तिच्या वाटेतून हलायच्याच नाहीत, कारण ती आलेली त्यांना कळायचंच नाही! पप्पा सुप्याच्या कंपनीत, म्हणून आम्ही आईच्या माहेरीच राहतो. मामाही आमच्याकडेच उतरला. मी तर वर्गात गाडीवर भाषण ठोकलं. दहावीत आल्यापासून मला कुणासमोरही बोलायची भीती वाटत नाही.

पण गाडीचं तोंडच वेगळं निघालं. हायवेवरच्या चार्जरची नळी तिच्या खाचेत बसेना. घरच्या केबलला चपट्या पट्ट्यांची जपानी पिन, आणि आपले सॉकेट गोल भोकांचे. सुप्याच्या वायरमनने अडॅप्टर करून दिला, तर आमच्या व्होल्टेजला केबलवरच्या डबीत लाल दिवा लागायचा आणि सगळं ठप्प. एकदाच निळा दिवा लागून कसंबसं थोडं चार्जिंग झालं.

"आक्का, हितं जमायचं न्हाई," मामा म्हणाला. "पुण्यात फ्लॅट बघतो."

"गाडीपायी घर सोडतोस व्हय? इक की मंग तिला!" आईने भाकरी जरा जास्तच जोरात थापली.

मामा राहावा म्हणून तिचा जीव किती तुटत होता, ते मला दिसत होतं. मलाही तो हवा होता. मी जाहीर करून टाकलं, "मामा, चार्जिंगची सोय मी करणार!"

कशी, ते माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी आणि मामा सुप्याहून येताना ओढ्याजवळ गाडीची बॅटरी संपली. नेमकी आबांच्या गिरणीसमोर. आबा म्हणजे आईचे आणि मामाचे वडील, कारभारी गिरणीवाले. ते गेले तेव्हा मामा जपानला नुकताच पोचला होता; मातीला येता आलं नाही. तेव्हापासून गिरणी बंद. मीटर काढून नेलेला, खांबावरची वायर तोडलेली, मोटर विकलेली. हे मी मुद्दाम सांगतेय.

मामाने दार ढकललं. आत धूळ आणि गारवा. भिंतीवर मोटरचा जुना काळा सॉकेट.

"लावून बघ की," मी हसत म्हटलं. मामाने गंमत म्हणून केबल ओढत आणली.

चपटी पिन गोल भोकांत सरळ आत गेली. अडॅप्टर घरी होता.

दिवा मात्र लागला नाही. लालही नाही, निळाही नाही.

तेवढ्यात शेळ्या घेऊन चाललेली गोजरबाई दारात थबकली. "मच्छिंद्रा, नंबर लावला का? तुजा बा सोताच्या पोराचं दळनबी मधी घेत नव्हता! डबा ठिव रांगंत, मंग बघ."

मामा खो खो हसला आणि माझ्याकडे वळला. "खरंय गं नंदे. शाळा सुटली की मी हितं डबा घेऊन बसायचो. गावाचं दळून झालं की मग माझा नंबर. आबांच्या पापण्यासुद्धा पिठाने पांढऱ्या झालेल्या असायच्या."

मी पळत जाऊन घरून बाजरीचा डबा आणला, त्यावर खडूने 'मच्छिंद्र' लिहिलं आणि डबे ठेवायच्या कट्ट्यावर, चक्कीपासून पार टोकाला ठेवला.

निळा दिवा लागला.

मी अख्ख्या गावात सांगत सुटले. मामाने पुण्याच्या फ्लॅटचा बेत रद्द केला. आईने पुरणपोळी केली.

मामा रोज दुपारी गाडी घेऊन गिरणीवर जायचा आणि बसून राहायचा. मी शाळेतून येताना डोकावायचे. आत ताज्या पिठाचा ऊन वास असायचा. मामा डोळे मिटून म्हणायचा, "ऐकलंस? पुक, पुक, पुक." आबांचं पहिलं इंजिन असं वाजायचं म्हणे. ते मामाच्या लहानपणीच भंगारात गेलेलं.

मला ऐकू यायचं नाही. एका सोमवारी आलं.

त्याच दिवशी मी कट्ट्याकडे नीट बघितलं. धुळीत डब्यांच्या बुडाची गोल वर्तुळं होती, ओळीने, चक्कीपर्यंत. मामाचा डबा टोकाला नव्हता. अर्ध्यावर आला होता.

"तू सरकवलास?"

"नंबर पुढं सरकतो गं," मामा म्हणाला.

गुरुवारी डब्यापुढे एकच वर्तुळ उरलं होतं. गाडी पूर्ण भरलेली, तरी केबल लावलेलीच. मी ती उपटून काढली.

निळा दिवा तसाच जळत राहिला.

"मामा, चल. आपण पुण्यालाच जाऊ. तिथंच फ्लॅट घे."

"आता कुठं? उद्या माझाच नंबर हाय." त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या.

मी धावत घरी आले. आईला सगळं एका दमात सांगितलं. वास, आवाज, वर्तुळं. म्हटलं, त्याला ओढून आण, तुझं ऐकेल तो.

आई शांतपणे ऐकत होती. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "आबा गेले तवा तू पोटात हुतीस. त्यांनी तुला बघितलंच न्हाई गं."

तिने मांडणीवरून दुसरा डबा काढला, बाजरीने काठोकाठ भरला, खडू घेतला आणि सावकाश, वळणदार अक्षरात त्यावर माझं नाव लिहिलं.