समोरचं दुकान

“माणूस नश्वर आहे, पण पेठ अमर होऊ शकते,” असं पेठ पुनर्निर्माण मंडळाचे अध्यक्ष म्हणाले आणि सांगलीच्या हळद पेठेतली मंडळी मंडपात जरा सावरून बसली. अमर होण्याचा प्रसंग काही रोज येत नाही. अध्यक्षांनी कळ दाबली. पुरानंतर पाडून सपाट केलेल्या मैदानावर तिन्हीसांजेला अख्खी जुनी पेठ उजेडाची होऊन उभी राहिली. खऱ्या मापाची, दुकानांच्या फळ्यांसकट, वर लोखंडी कठड्याच्या गॅलऱ्यांसकट.

“आणि यात सगळ्यात अचूक साकारलेली गोष्ट कोणती?” अध्यक्षांनी कौतुकानं विचारलं.

संकलन अधिकारी मृण्मयी देसाई माइकजवळ आली. तिची नोकरी नवी होती, त्यामुळे खरं बोलायची खोड अजून गेली नव्हती.

“खड्डा,” ती म्हणाली. “पेठेच्या मधोमध जो होता तो. बाकी सगळ्या बाबतींत लोकांचे मतभेद आहेत. खड्ड्यावर एकमत आहे.”

अमरत्वाचा कार्यक्रम तिथंच आटोपता घेऊन चहा आणला गेला.

मंडपात सगळे हसले, पण उदय तारळेकर हसले नाहीत. ते आपलं दुकान शोधत होते. चाळीस वर्षं त्यांनी या पेठेत भडंग विकलं होतं, त्यामुळे दुकान कुठं होतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या जागी आता चार फूट रुंदीची, धुक्याच्या रंगाची एक पट्टी उभी होती. वर पाटी होती, पण तिच्यावरची अक्षरं ओल्या कागदावर पसरलेल्या शाईसारखी. आणि तिच्या बरोबर समोर श्रीपाल चौगुल्यांचं भडंगाचं दुकान. अठरा फूट. काचेच्या बरण्यांची रांग, पितळी तराजू, तिसऱ्या पायरीचा उडालेला टवका, सगळं जागच्या जागी. आणि आतून सोनेरी उजेड. चौगुल्यांच्या दुकानात जन्मभर एकच पिवळट दिवा होता, हे तारळेकरांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मग हा उजेड आला कुठून?

मंडळाचा नियम साधा होता: जितकी आठवण, तितकी जागा. पुरात मोजणीचे कागद गेले होते. जुने फोटो कोर्टानं केव्हाच पुराव्यातून बाद केले होते, कारण आजोबांच्या काळातला फोटो आता कुणाचाही नातू जेवता जेवता तयार करायचा. उरली ती लोकांच्या डोक्यातली पेठ. डोळे मिटून माणूस ओळखीच्या रस्त्यानं मनातल्या मनात चालू लागला, की मेंदूत जवळजवळ तसेच ठसे उमटतात जसे प्रत्यक्ष बघताना उमटतात. ते ठसे वाचणाऱ्या यंत्राचं सरकारी नाव ‘स्मृतिसंकलक’. पेठेनं त्याला ‘टोपी’ म्हणायचं ठरवलं. शेकडो माणसांनी टोपी घालून पेठेत फेरफटका मारला, यंत्रानं त्यांच्या पेठा एकमेकींवर ठेवल्या. जिथं आठवणी जुळल्या तिथं भिंत घट्ट झाली, जिथं नाही जुळल्या तिथं धुकं.

या आराखड्यावरच नवी पेठ बांधायची होती. खाली दुकान, वर त्याच रुंदीचं घर.

“म्हणजे आपलं घर चार फूट?” घरी कुंदाताईंनी विचारलं. पूर आल्यापासून दोघं भाचीच्या मागच्या खोलीत राहत होते. “झोपायचं कसं मग? एकामागं एक?”

“थट्टा सुचतीये तुला.”

“रडून रुंदी वाढत असेल तर रडते.” त्या भाजी निवडत राहिल्या. “चौगुल्यांचं किती आलं म्हणालात?”

“मी काही म्हणालो नाही.”

“म्हणजे बरंच आलंय.”

तारळेकरांची रात्र चौगुल्यांच्या दुकानात गेली, म्हणजे नेहमीसारखीच. चाळीस वर्षं त्यांनी समोरची गर्दी बघितली होती. आपल्या भडंगात लसूण जास्त, शेंगदाणा खमंग, कुरमुरा निवडक, आणि रांग मात्र समोर. दसऱ्याला चौगुले दिव्यांची माळ लावायचे, तेव्हा तारळेकर तिच्यातले बंद दिवे शोधायचे. एखादा सापडला, की त्यांचा दसरा गोड व्हायचा.

सकाळी ते मृण्मयीच्या कचेरीत जाऊन बसले.

“काका, तुमचे साक्षीदार कमी पडतात,” ती म्हणाली. “गिऱ्हाईकांना भडंगाची चव आठवते, दुकान आठवत नाही.”

“चौगुल्यांचं बरं आठवतं.”

“नाही ना. त्यांच्या गिऱ्हाइकांना पुढच्या माणसाचं डोकंच तेवढं आठवतं. गर्दीत दुसरं काय दिसणार?”

“मग ते अठरा फूट आले कुठून?”

 मृण्मयीनं पडद्यावर काहीतरी फिरवून बघितलं, मग कचेरीचं दार लोटून घेतलं.

“नियमानं सांगता येत नाही. पण माहिती तुमचीच आहे, म्हणून सांगते. चौगुल्यांचं दुकान जवळजवळ सगळंच्या सगळं एका साक्षीदारानं दिलंय. तुम्ही.”

“मी माझ्या दुकानाबद्दल सांगायला बसलो होतो.”

“बसला होतात. पण मनातल्या मनात दुकानाच्या गादीवर बसलात आणि समोर बघत राहिलात. आपल्या दुकानाकडे एकदाही वळून बघितलं नाहीत.” तिनं आवाज हळू केला. “तो उजेडही तुमचाच आहे.”

तारळेकरांनी टेबलावरचं पाणी पिऊन टाकलं. ते त्यांच्यासाठी ठेवलेलं नव्हतं.

“परत घेतो मी साक्ष.”

“घेता येते. मग चौगुलेही चार फुटांवर येतील. पण तुमचं चाराचं पाच होणार नाही.”

हा सौदा तारळेकरांनी बराच वेळ तोलून बघितला. स्वतःचं घर चार फुटांचं असलं आणि समोरचंही चार फुटांचं असलं, तर ते तितकंसं अरुंद वाटणार नाही, असं त्यांच्या मनात आलं. माणूस तसा वाईट नव्हता. पण मनात आलं, आणि बराच वेळ तिथं बसून राहिलं.

“तुमचं दुकान कुणी समोरून बघितलं असेल तरच ते आहे,” मृण्मयी म्हणाली. “रोज, निवांत, समोरून. असं कुणी आहे का?”

होतं. पण ते नाव घ्यायचं म्हणजे तारळेकरांना जिभेला वळण द्यावं लागलं असतं.

श्रीपाल चौगुले विश्रामबागेत मुलीकडे राहत होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पाय स्टुलावर ठेवून ते व्हरांड्यात बसले होते आणि समोरच्या बंगल्याकडे बघत होते. सवय जाते कुठं?

“तारळेकर,” ते म्हणाले. “वाट चुकला काय?”

“इकडं कामाला आलो होतो.”

“इकडं कसलं काम? इकडं सगळी रिटायर माणसं राहतात.”

मुलीनं चहा आणला, बशीत भडंग आणलं. तारळेकरांनी चार दाणे तोंडात टाकले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

“मीठ जरा कमी आहे,” ते म्हणाले.

“दुकानचं नाही ते. पोरीनं केलंय. मीठ बंद आहे मला.” चौगुल्यांनी पाय सरळ केला. “बोला आता. तुम्ही माझं मीठ बघायला येणार नाही.”

तारळेकरांनी सांगितलं. चार फूट, धुकं, एकामागं एक झोपायचं, सगळं. अठरा फूट कुणी दिले, तेवढं मात्र सांगितलं नाही. शेवटी म्हणाले, “तुम्ही एकदा टोपी घातलीत तर बरं होईल.”

“घातली होती की.”

“कधी?”

“पहिल्याच दिवशी. आणि परत घेतली.” चौगुल्यांनी नजर बशीवर ठेवली. “कचेरीतल्या त्या पोरीनं मला चित्र दाखवलं. तुमचं दुकान वीस फूट आलं होतं. वीस. कोपऱ्याच्या देवळाएवढं. म्हटलं, एवढं होतं होय हे? आणि हे मी द्यायचं? माझ्या डोक्यातनं? सोडा म्हटलं. सही करून साक्ष मागं घेतली.”

तारळेकरांना राग यायला हवा होता. तो आला, पण उंबऱ्यावरच थांबला, कारण आत आधीपासून आणखी काहीतरी बसलं होतं.

“वीस फूट?” त्यांनी विचारलं. “माझं?”

“खुश होऊ नका लगेच.”

“पण रांग तर तुमच्याकडं असायची.”

“रांग काय, भडंग घेते आणि जाते. दुपारी कोण असायचं माझ्याकडं?” चौगुले म्हणाले. “कुंदावहिनी डबा घेऊन यायच्या. तुम्ही दोघं आतल्या बाकावर बसून एकाच डब्यात जेवायचात. काय बोलत होता देव जाणे, पण हसायचात. माझी सुमन गेल्यावर मी दुकानात एकटा जेवायचो, तुमच्याकडं बघत. पाटीवरचं एक अक्षर तिरकं होतं तुमच्या, ते पण पाठ आहे मला.”

“कुठलं?”

“बघा. मालकाला पत्ता नाही.”

मग तारळेकरांनी अठरा फुटांचं सांगून टाकलं. चौगुल्यांना एवढं हसू आलं, की मुलगी आतून बघायला आली.

दोन दिवसांनी दोघं कचेरीत शेजारी शेजारी टोप्या घालून बसले. चौगुल्यांनी जुनी साक्ष पुन्हा दिली, तारळेकरांनी आपली तशीच ठेवली. “काका, आता जरा स्वतःच्या दुकानाकडं बघायचा प्रयत्न करा,” असं मृण्मयीनं दोघांना बजावलं. दोघांनी मनापासून प्रयत्न केला. दोघंही समोरच बघत राहिले.

नवा आराखडा आला तेव्हा नवीनच भानगड झाली. एका बाजूला अठरा, दुसऱ्या बाजूला वीस, आणि दोन्हींच्या आजूबाजूला चेपलेले शेजारी. तारळेकरांच्या पलीकडचा शिंपी इतका दाबला गेला, की आराखड्यात त्याचं मशीन रस्त्यावर आलं. तो मंडळाच्या दारात बसून राहिला. मृण्मयीनं दोन रात्री जागून उपाय काढला, आणि तो उपाय होता खड्डा. पेठ पाडून सपाट केली तरी जमिनीवर खरोखर शिल्लक राहिलेली तेवढी एकच वस्तू. तो टेपनं मोजता येत होता. तिनं त्याच्याशी ताडून तारळेकरांच्या आणि चौगुल्यांच्या आठवणी तपासल्या. खड्डा दोघांनाही अगदी बरोबर आठवत होता. खड्ड्याचा हेवा कुणी करत नाही. फुगलं होतं ते फक्त समोरचं दुकान. कुणाच्या डोक्यात किती फुगलं, त्या आकड्याला तिनं अहवालात ‘असूया-गुणक’ असं नाव दिलं आणि ज्याच्या त्याच्या गुणकानं दोन्ही दुकानांना भागलं. दोन्ही सारखीच उतरली. अकरा फूट. शिंप्याचं मशीन आराखड्यात पुन्हा आत गेलं आणि तो मंडळाच्या दारातून उठला.

“पण एक राहिलंच,” ती म्हणाली. “रुंदीला गुणक लागला. उजेडाला लागत नाही. तो खोटा म्हणून पुसायचा, की दोघांनी बघितला म्हणून ठेवायचा, हे यंत्राला कळत नाही. मलाही नाही. तुम्ही समोर उभे राहून सांगा.”

म्हणून त्या संध्याकाळी मैदानावर पुन्हा उजेडाची पेठ उभी राहिली. सही करायच्या आधी प्रत्येकानं प्रत्यक्ष बघून घ्यायचं होतं. चौगुले काठी टेकत आपल्या दुकानाच्या पायऱ्यांजवळ आले आणि टवका उडालेल्या पायरीशेजारी खुर्ची ठेवून बसले. तारळेकर रस्ता ओलांडून त्यांच्यापुढं आले, खड्डा चुकवून, आणि वळले.

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते आपलं दुकान समोरून बघत होते.

अकरा फूट. फळ्यांना तेलाचा तुकतुकीत रंग. पाटीवरचा ‘ळे’ खरोखरच तिरका. आत बाक, बाकावर स्टीलचा डबा, झाकण अर्धवट सरकवलेलं. रोज ये-जा करणाऱ्या वस्तू यंत्र गाळून टाकतं, पण हा डबा गाळणीतून सुटला होता. आणि दाराच्या आतून सगळ्यावर पसरलेला तो उजेड. समोरच्या दुकानात होता तसाच, किंवा किंचित जास्त, असं त्यांना वाटलं. आणि वाटल्यावर बरं वाटलं.

वरच्या गॅलरीत कुंदाताईंचं वाळत घातलेलं लुगडंसुद्धा होतं. ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं, कारण ते बरोबर त्यांच्या डोक्यावर असायचं.

मृण्मयी हातात आराखड्याचा कागद घेऊन सहीसाठी उभी होती. तारळेकरांनी लेखणी घेतली, पण सही केली नाही. मागं वळून न बघताच, जरा अवघडून त्यांनी विचारलं, “चौगुले, खरं सांगा. आमचं दुकान एवढं चांगलं होतं? की तुम्हाला तसं दिसायचं म्हणून तसं आहे हे?”

 मागून काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

“जरा बाजूला सरका,” चौगुले म्हणाले. “दिसंना झालंय.”