छबूबाईचं नाक

जामखेडात मला सगळे ‘धूळमास्तर’ म्हणायचे. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर, आणि काम काय, तर दवाखान्याच्या गच्चीवर व्हॅसलीन फासलेली काचपट्टी ठेवायची, दुसऱ्या सकाळी आठला ती खाली आणायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरून तिला चिकटलेले परागकण मोजायचे आणि बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचं : ‘उद्या हवेत बाभळीचा पराग जास्त. दमेकऱ्यांनी जपावे.’ पुण्याच्या एका संस्थेची ही योजना. फळा वाचायला कुत्रंसुद्धा थांबत नसे.

कारण गावाचा भरवसा छबूबाईच्या नाकावर. ही म्हातारी रोज दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसायची. तिची एक शिंक म्हणजे बाभळ, दोन म्हणजे कडुनिंब, ओळीनं तीन म्हणजे बाजरी. माझी काचपट्टी आज जे सांगायची ते ही बाई कालच शिंकून मोकळी झालेली असायची. संताप यायचा हो! चार वर्षं कॉलेजात मी काय गवत उपटलं होतं? शेवटी लाज गुंडाळून ठेवली. आधी तिच्या शिंका मोजायचो, मग फळा लिहायचो. अंदाज एकदम बरोबर यायला लागले.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. तालुक्यात कुणी पेरलं नाही. आणि भादव्यात एका सकाळी छबूबाई ओळीनं तीनदा शिंकली.

“धूळ गेली असेल नाकात,” मी म्हणालो.

“धुळीला म्या कवा शिंकले वं? बाजरी फुलोऱ्यात आलीया.”

“कुठली बाजरी? दाणा नाही पडला कुणाच्या रानात!”

“ते मला काय ठावं? नाकाला इचारा.”

दुसऱ्या दिवशी काचपट्टीवर बाजरीचे अकरा कण. तिसऱ्या दिवशी चाळीस. चौथ्या दिवशी मोजता मोजता डोळे दुखले. काचपट्ट्यांचं नवं खोकं फोडलं, व्हॅसलीनची बाटली बदलली, प्यायला पाणी नसताना स्वतः डोक्यावरून आंघोळ केली. कण वाढतच होते. मी सरळ माणूस. खरे आकडे पुण्याला कळवले आणि तिथंच माशी शिंकली.

पत्र आलं : ‘दुष्काळात बाजरी कोठून? आकडे घरबसल्या रचलेले दिसतात. साहेब समक्ष तपासणीस येतील. खोटे आढळल्यास सेवा समाप्त.’

माझी शेवगावची सोयरीक नुकतीच ठरली होती, लग्न माघात. सासरेबुवांनी मुलाबद्दल एवढंच विचारलं होतं, “नोकरी माघापातुर तरी टिकंल ना?” आणि मी छाती काढून हो म्हणालो होतो.

साहेब जीप घेऊन आले. उंच, हाडकुळे, डोक्यावर हॅट. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. काचपट्टी स्वतः घासली, व्हॅसलीन स्वतः लावलं आणि छत्री उघडून तिच्याशेजारी गच्चीवर दोन तास बसून राहिले. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ काढलाच नाही.

“वारा कुठून आहे?”

“खर्ड्याच्या अंगानं, साहेब.”

“चला. कुठून येतंय ते शोधू. त्या बाईलाही घ्या.”

अंतर निघालं दोनच मैल. पण ड्रायव्हर बाबाजाननं चावी फिरवली की छबूबाई शिंकायची, आणि तो गाडी बंद करायचा.

“निघताना शिंक झाली, सायेब. जरा बसा, पानी प्या.”

“अरे, ॲलर्जी आहे ती!”

“असंल. पन गाडी माझ्या हातात हाय.”

खाली उतरायचं, बसायचं, घोट घ्यायचा, चढायचं. पुढं प्रत्येक वळणावर तेच. साहेबांचा थर्मास तिसऱ्या मुक्कामाला रिकामा झाला. चौथ्याला ते इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. सहाव्याला न सांगताच खाली उतरून दगडावर बसले. दोन मैलांना आम्हांला बारा वाजले.

एका बांधापाशी शिंका एकाएकी थांबल्या.

“ही माझी पट्टी,” छबूबाई म्हणाली. “पोरं खडी फोडायला गेल्यात. पेरनार कोन?”

जमीन सपाट, भेगाळलेली. धसकटसुद्धा नव्हतं. पार टेकडीपर्यंत आरपार दिसत होतं. साहेब पहिल्यांदाच हसले. माझ्याकडे असं बघितलं की शेवगावची वरात मला परत फिरताना दिसली.

“मधोमध काचपट्टी ठेवून येतो,” म्हणत ते बांध ओलांडून आत गेले.

दहा पावलांवर त्यांचे गुडघे दिसेनात. मला वाटलं, ऊन हलतंय.

वीस पावलांवर कंबर दिसेना.

मग नुसती हॅट.

जमीन सपाट होती. बाबाजानलाही नंतर विचारलं, तोही सपाटच म्हणाला.

हॅट थांबली. इकडे वळली, तिकडे वळली.

“मच्छिंद्र,” साहेबांचा आवाज आला. माझं नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं. “वाट कुठंय?”

छबूबाई भडकली. “बांधाच्या अंगानं या की सायेब! कनसं मोडू नगा!”

हॅट हळूहळू डावीकडून आली. दोन्ही हातांनी समोरचं काहीतरी बाजूला सारत साहेब बाहेर आले. खांद्यावर पिवळी भुकटी. गालांवर बारीक ओरखडे. जीप पहिल्याच चावीला सुरू झाली.

दवाखान्यात त्यांनी रजिस्टर मागितलं आणि लिहिलं : ‘आकडे बरोबर.’ मी त्यांच्या पायाच पडणार होतो, पण ते पाय उचलून जीपमध्ये बसले होते.

आठ दिवसांत पुण्याचा हुकूम आला : ‘सदर पद सदर शेतातील कापणी होईपर्यंत चालू राहील.’

मी बोटांवर हिशेब केला. बाजरी फार तर महिनाभरात निघणार. माघाला अजून साडेचार महिने. पेढ्याचा पुडा घेतला आणि भर दुपारी छबूबाईची पट्टी गाठली. ती बांधावर बसली होती, शेजारी फडक्यानं झाकलेली भाकरीची पाटी.

“छबूबाई, पाया पडतो, कापणी जरा लांबणीवर टाकता येईल का हो?”

तिनं पेढा तोंडात टाकला. “आता गं बया! सकाळीच कापनीची पात धरली की गड्यांनी.”

“कुठल्या गड्यांनी?”

तिनं हनुवटीनं रानाकडे दाखवलं. समोर मोकळी जमीन. मी कान दिला. विळ्याचा आवाज येत होता, खस्स, खस्स, एका लयीत. एक ओळ संपली की तो जरा थांबे, आणि पुन्हा सुरू होई तो थोडा अलीकडून.